एकाच्याच मापाची

१

इतकी वर्षं श्रीमंतांच्या गाड्यांच्या बैठका शिवून मला एवढं कळलंय, की त्यांना गाडी नको असते. गाड्या असतातच, पाच-सात दारात उभ्या असतात. त्यांना हवं असतं शेजाऱ्याकडे नसलेलं काहीतरी. आमच्या कारखान्यात एका वेळी एकच गाडी होते आणि तिच्यासारखी दुसरी कधी होत नाही. सांगाडा आणि इंजिन बाहेरून येतं, आतलं सगळं आम्ही हाताने करतो. लाकूड एकजण, दारं एकजण, चामडं आणि बैठका मी.

हट्ट तरी काय एकेक! एकाला आतल्या चामड्याचा रंग त्याच्या मेलेल्या कुत्र्याच्या कानासारखा हवा होता. फोटो पाठवला. फोटोत कुत्रा उन्हात बसलेला. उन्हातला कान हवा की सावलीतला, एवढंच मी विचारलं, तर आमच्या साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच कुत्र्याला मारलंय.

या साहेबांना आम्ही पाठीमागे अत्तर म्हणतो, कारण ते यायच्या आधी त्यांचा वास येतो. त्यांचं एक पालुपद आहे. गाडीला स्वभाव हवा. इंजिनात जोर सगळेच भरतात, स्वभाव आपण भरतो. ते बोलायचे आणि मी मान डोलवत सुईत दोरा ओवायची. गाडीला कसला आलाय स्वभाव? चामडं, फोम, लाकूड आणि पत्रा. स्वभाव माणसाला असतो आणि तो बहुधा वाईट असतो.

आमची एक पद्धत मात्र खास आहे. गिऱ्हाइकाला येऊन बसून बघायला वेळ नसतो, म्हणून त्याच्याच अंगाच्या मापाचा माणूस शोधायचा आणि त्याला रोज गाडीत बसवायचं. त्याच्या वजनाने फोम दबतो, चामडं सैलावतं, त्याप्रमाणे मी बैठक कापते, भरते, पुन्हा शिवते. मग गिऱ्हाईक पहिल्यांदा बसतं तेव्हा त्याला वाटतं, आपण या गाडीत जन्मभर बसत आलोय. या भाड्याच्या माणसाला आम्ही बसणारा म्हणतो. मला काम शिकवणाऱ्या बाईंनी त्याचा एकच नियम घालून दिला होता. बसणाऱ्याचं माप घ्यायचं, दुखणं घ्यायचं नाही. तो कलून बसत असेल, आखडून बसत असेल, तर ते त्याचं त्याच्यापाशी. बैठक सरळ माणसाची करायची.

त्या वेळी नव्या गिऱ्हाइकाचं माप आलं. नाव नाही, चेहरा नाही, नुसती मागणी. अत्तरसाहेबांना ती इतकी आवडली होती की मला सांगताना त्यांचे हात थांबत नव्हते.

"बाई, त्यांना अशी गाडी हवीय की त्यांच्याशिवाय कुणालाच तिच्यात बरं वाटता कामा नये."

"मग शेजारची सीट काढूनच टाकू की."

"छे छे, सीट हवी. पण तिच्यावर जो बसेल त्याला कळायला हवं, की आपलं इथे काही काम नाही."

अपमान करायला चामड्याची सीट लागते यांना, असं मनात म्हणत मी माप वाचलं. खांदे, पाठीची उंची, मांडीची लांबी. वाचता वाचता हसूच आलं. या मापाचे शर्ट मी लग्न झाल्यापासून शिवत होते.

२

माझा नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, त्यावर पाय ठेवण्यात त्याचा जन्म गेला. गावभर त्याला ब्रेकमास्तर म्हणतात. एका गृहस्थांनी ब्रेक समजून भलतंच दाबलं आणि गाडी भिंतीवर घातली, तेव्हापासून माझ्या नवऱ्याची उजवी कंबर कामातून गेली. तो सगळा भार डावीकडे टाकून बसतो. घरात कुठलीही गादी बघा, डावीकडे दबलेली. पुढे ते शिकवण्याचं दुकानही बंद पडलं आणि तो घरी बसला. बडबड्या माणूस. बोलायला शिकाऊ पोरं नाहीत म्हटल्यावर त्याचा आवाज एकेक दिवस कमी होत गेला. ते मला बघवत नव्हतं.

"नुसतं बसायचं?" मी सांगितलं तेव्हा त्याने विचारलं. "म्हणजे तुझी आई म्हणते ते काम शेवटी मला मिळालं तर."

पहिल्या आठवड्यात आम्हा दोघांना फार मजा आली. सकाळी एकत्र निघायचं, दुपारी डबा एकत्र खायचा. तो मागच्या सीटवर पेपर उघडून बसायचा आणि मी समोर टेबलाशी चामडं कापायची. काचेवर टकटक केली तरी त्याला ऐकू जायचं नाही. काच जाड, दारात अस्तरावर अस्तर, ते तसंच असायला हवं होतं. मी तोंड वाकडं करून दाखवायची, तो आतून पुढे ब्रेक नसतानाही ब्रेक मारून दाखवायचा.

एकदा डबा खाऊन मी गंमत म्हणून त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. तो दार लावून पेपर वाचत होता. थोड्या वेळाने मला वाटलं की मी पुढे घसरतेय. मागे सरकून बसले, पुन्हा पुढे. पाठीला काहीतरी टोचत होतं असंही नाही. गर्दीत मागचा माणूस कोपर न लावता नुसता छातीने रेटतो ना, तसं काहीतरी. आत आवाज अजिबात नव्हता, नवऱ्याच्या पेपराचासुद्धा नाही. मी काहीतरी बोलले, तर माझं बोलणं तोंडाबाहेर पडताच संपलं.

"तुला इथं बरं वाटतंय?" मी ओरडूनच विचारलं.

"झकास," तो म्हणाला. त्याचं मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.

मी बाहेर आले तेव्हा पाठीवर, कमरेपासून खांद्यापर्यंत, लाल पट्टा उमटला होता. ती सीट मीच शिवलेली. मी तिचं चामडं उसवून आत पाहिलं. फोम, जाळी, कापड. बांधणी जराशी उभी झाली असेल, मी स्वतःला म्हटलं. मागणीच तशी होती, मी जरा जास्तच मन लावून केली असेल.

दारं बसवणाऱ्या काकांना सगळे कान म्हणतात, कारण दार लागल्याचा आवाज कसा यावा हे ठरवणं हाच त्यांचा धंदा. ते त्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. तळहातावर पट्टी होती.

"बाई, तुमच्या यजमानांना हे दार एका बोटाने उघडतं."

"मग चांगलं बसवलंत की."

"मला खांदा लावायला लागतो. आणि सोडलं की हातावर येतं." ते गाडीकडे न बघता बोलत होते. "वजन तेच, बिजागरी तीच. मी पुन्हा पुन्हा तपासली."

त्यांचं वय झालंय, असं मी म्हटलं. वाईट बोलले, पण मी घाबरले की वाईटच बोलते.

३

आता मी केलेली चूक. चूक म्हणते, पण तेव्हा ती मला चूक वाटली नाही आणि आजही पूर्ण वाटत नाही.

सरळ माणसासाठी केलेली बैठक वाकड्या कमरेला छळते. घरी आल्यावर नवरा जमिनीवर आडवा पडायचा आणि छताकडे बघत दात आवळायचा. आमची कॉलेजात जाणारी मुलगी त्याचे पाय चेपायची. तो तिला हसवायचा आणि हसताना विव्हळायचा. काम सोड म्हटलं तर ऐकायचा नाही. पुष्कळ दिवसांनी त्याला कुणीतरी कामाचा माणूस म्हणत होतं.

मग एका दुपारी तो हात धुवायला गेला असताना मी त्याच्या सीटची उजवी शिवण उसवली. आतला कडक फोम काढला आणि त्या जागी दाबलेल्या लोकरीचा जाड, मऊ थर भरला. आम्ही त्याला नमदा म्हणतो. मी तो त्याच्या कमरेच्या खळग्याच्या आकाराचा कापला होता. कागदावर आखला नाही. हात माझाच, कंबर माझ्या नवऱ्याची, आखायचं काय त्यात? वरून पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके घातले. शेवटच्या दिवशी नमदा काढून पुन्हा सरळ करू, असं मनाशी ठरवलं. माप घ्यायचं, दुखणं घ्यायचं नाही, हे मला पाठ होतं. मी दुखणं घेतलं.

तो आला, बसला, दार लावलं. काचेतून मी त्याचा चेहरा बघत होते. आधी त्याला आश्चर्य वाटलं. मग त्याने डोळे मिटले. उजवीकडे टेकला, कितीतरी वर्षांनी उजवीकडे टेकला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला इतका आनंद झाला की मी टेबलाखाली वाकून उगाच दोरे गोळा करत बसले.

डब्याच्या वेळी मी काचेवर टकटक केली. तो बाहेर आला नाही.

४

त्यानंतर तो घरी बसेनासा झाला. म्हणजे अक्षरशः बसेना. खुर्ची नको, गादी नको, जमीन नको. भिंतीला टेकून उभ्या उभ्या जेवायचा. कुठेही टेकलं की कंबर पूर्वीपेक्षा जास्त दुखायची आणि त्याचा दोष तो आमच्याकडे बघून द्यायचा. बोलणं तर बंदच झालं. मुलीने कॉलेजातली काहीतरी गंमत सांगितली की तो ती संपायची वाट बघत उभा राहायचा.

एके संध्याकाळी ती मैत्रिणीशी फोनवर खिदळत होती. तो तिच्याकडे बघून म्हणाला, "काच वर कर."

"कुठली काच, बाबा?"

सिग्नलला गाडी थांबली की काचेवर टकटक करणारे लोक येतात ना, त्यांच्याकडे आतला माणूस जसा बघतो, तसा तो स्वतःच्या मुलीकडे बघत होता. रागाने नाही. सिग्नल सुटायची वाट बघत.

पोर माझ्या मागे स्वयंपाकघरात आली. "आई, बाबा मला ओळखतात ना गं?"

"डोकं फिरलंय त्याचं. दुखण्याने माणूस चिडतो," मी म्हटलं.

रात्रीची भांडी तशीच टाकून मी त्याला म्हटलं, "उद्यापासून यायचं नाहीस. मी दुसरा बसणारा शोधते."

"दुसरा चालणार नाही."

"तुझ्या मापाची माणसं काय कमी आहेत?"

"तिथं मला दुखत नाही," तो म्हणाला. "तुमच्यात दुखतं."

मी त्याचा हात धरला. तो माझ्या हाताकडे बघत राहिला, मी काढून घेईपर्यंत. त्या क्षणी मला त्याचा संताप आला, आणि लगेच कळलं की संताप त्याचा नाही. मला त्या गाडीचा मत्सर वाटत होता. हसू नका. चामड्याचा मत्सर करणारी बाई मी पहिलीच असेन.

दुसऱ्या दिवशी अत्तरसाहेबांना सांगितलं की बसवणं पुरे झालं, नवऱ्याला बरं नाही. ते खूश झाले. त्यांना काम लवकर संपवायचंच होतं. "तसंही गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात येतंय," ते म्हणाले. "काय स्वभाव आलाय हो गाडीला! मी आत बसलो तर मला मळमळलं."

५

सुट्टीच्या दिवशी नमदा काढायला मी एकटी कारखान्यात गेले. दुपार होती, वरच्या खिडक्यांतून स्वच्छ ऊन आत आलं होतं. पहारेकरी बाहेर रेडिओ ऐकत होता. गाडीवर पांढरी चादर होती, ती मी ओढून काढली. दाराला खांदा लावला. उघडलं. एक पाय बाहेरच ठेवून मी आत वाकले आणि दार हळूहळू येऊन माझ्या नडगीवर टेकलं. आपटलं नाही. टेकलं आणि रेटत राहिलं.

नवऱ्याच्या सीटवर हात ठेवला. गरम होती. उन्हाने असेल, म्हटलं. पण ऊन दुसऱ्या बाजूला होतं. डावीकडे खोल खळगा पडला होता, उजवीकडे हलका. फोम असा दबून राहत नाही. माणूस उठला की थोड्या वेळात तो भरून येतो, आणि आदल्या दिवसापासून इथे कुणी बसलेलं नव्हतं.

कच्चे टाके शोधले. पांढरा दोरा कुठेच नव्हता. त्या जागी पक्की शिवण होती, बारीक, एकसारखी, माझ्याच हातासारखी. मीच घातली असेल का? वर्षानुवर्षं तेच काम केलं की हात आपल्याला न विचारता करून मोकळे होतात. मी बराच वेळ आठवत राहिले. मग टाके उसवायचं छोटं पातं काढलं आणि पहिला टाका तोडला.

फोन वाजला. मुलगी.

"आई, लवकर ये. बाबा एकदम ओरडले. भिंतीला टेकून उभे होते, कंबर धरून खालीच बसले."

"कधी?"

"आत्ता गं!"

रोजच दुखते त्याची कंबर, मी स्वतःला सांगितलं. तिला म्हटलं, "फोन ठेवू नकोस." पातं बाजूला ठेवलं. तुटलेल्या टाक्यापाशी अंगठा टेकवला आणि नुसता दाबला. फोनमध्ये माझा नवरा विव्हळला. अंगठा उचलला, तसं विव्हळणं थांबलं. पुन्हा दाबला नाही. तेवढा धीर मला नव्हता.

"उठतायत," मुलगी म्हणाली. "मी धरते. थांबा बाबा, सावकाश."

माझ्या डोळ्यांसमोर डावीकडचा खळगा वर येऊ लागला. चामड्याची एकेक सुरकुती ताणली गेली आणि नाहीशी झाली. कुणीतरी उठत होतं, कण्हत, हाताला धरून, जसा तो उठतो.

"उभे राहिले," मुलगी म्हणाली.

दाराने माझा पाय इतका आवळला होता की तो ओढून काढताना पोटरी सोलवटली. मी बाहेरून हात घालून तो एक टाका पुन्हा घातला. सुई टोचेल तिथे त्याला टोचेल की काय, या भीतीने मी सुई अगदी हळू आत सरकवली. तो टाका काही मला नीट जमला नाही.

६

गिऱ्हाईक आलं. मी काय कल्पना केली होती कोण जाणे. साधा, गोरागोमटा, पन्नाशीचा माणूस. माझ्या नवऱ्याच्याच उंचीचा, पण ताठ. सोबत कुणी नाही. त्याने कुणाच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही. अत्तरसाहेबांनी दार उघडायला हात पुढे केला तर म्हणाला, "हात लावू नका." मी ओळीत शेवटी उभी होते. नवरा घरी होता, मुलीला मी त्याच्यापाशी बसवून आले होते.

तो आत बसला. दार लागलं. क्षणभरात उघडलं आणि तो बाहेर आला, कोट झटकत.

"कुणीतरी बसलंय तिथे," तो म्हणाला.

अत्तरसाहेब हसले. "साहेब, बसणारा असतो आमचा, मापासाठी..."

"बसला होता म्हणत नाही मी. बसलाय. उठलेला नाही." त्याने आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. दया नव्हती तिच्यात, कुतूहलही नव्हतं. "माझी नाही ही. तोडून टाका."

तो गेल्यावर मला कळलं की हे शब्दशः होतं. करारच तसा असतो. ज्याच्यासाठी केली त्याने नाकारली, तर गाडी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. त्याच दिवशी तोडायची. एकाच माणसाची म्हणून केलेली वस्तू दुसऱ्याच्या दारात दिसली तर आमचं नाव संपलं.

मी अत्तरसाहेबांच्या मागे त्यांच्या खोलीपर्यंत गेले. "ती सीट मला द्या. नुसती सीट. पगारातून कापा, जन्मभर कापा."

"वेड लागलंय का तुम्हाला? एक टाकासुद्धा बाहेर जाणार नाही." त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. "चामडं करवतीत अडकतं. तुम्ही आधी बैठक उसवून द्या. नाही जमत तर तसं सांगा, पोरं कुऱ्हाडीने काढतील."

७

मी म्हटलं, जमतं. कुऱ्हाडीपेक्षा माझा हात बरा.

गाडीची दारं कानकाकांनी आधीच उतरवली होती. कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला करवतवाले मोठी करवत जोडत होते. मी मुलीला फोन लावला, आवाज मोठा केला आणि तो शेजारच्या सीटवर ठेवला.

"बाबांजवळ बस. त्यांचा हात धर. मी काही विचारीन ते त्यांना विचार."

"काय झालंय, आई?"

"काही नाही. हात धर."

पहिला टाका मी पात्याने तोडला नाही, सुईच्या टोकाने सैल केला. "दुखतंय का विचार."

"नाही म्हणतायत."

दुसरा. तिसरा. मी दोरा ओढत नव्हते, त्याला येऊ देत होते. थोड्या वेळाने फोनवर नवऱ्याचाच आवाज आला. "अगं, चालू दे. मुंग्या आल्यासारखं वाटतंय." कितीतरी दिवसांनी तो माझ्याशी आपणहून बोलला होता. मला वाटलं, असंच आहे तर, उसवलं की सुटेल. किती साधी गोष्ट. ज्याने शिवलं त्यानेच उसवायचं. मी भराभरा टाके काढू लागले आणि त्याचा आवाज मोकळा होत गेला. मुलीशी बोलत होता, तिच्या कॉलेजचं विचारत होता. ती हसली. माझी पोर हसली.

"थँक्यू गं," तो मला म्हणाला.

मी जराशी थबकले. संसारात त्याने मला कधी थँक्यू म्हटलेलं नाही. चहा दिला तर साखर कमी आहे म्हणतो. पण माणूस यातनांतून सुटला की गोड होतो, मी म्हटलं, आणि शेवटचा टाका काढला.

आता नमदा बाहेर ओढला की झालं. चामडं उचलून बघायचं धाडस नव्हतं. मान फिरवून मी फटीत हात घातला.

"आई!" मुलगी आनंदाने ओरडली. "बाबा खुर्चीत बसले! बसले बघ! आणि किती सरळ बसलेत!"

"सरळ म्हणजे?"

"सरळ म्हणजे सरळ. कुठेच कलले नाहीत."

"खरंच," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता, खणखणीत. "काही दुखत नाही. कंबर कधी दुखत होती तेही आठवत नाही. आता ती सीट देऊन टाक त्यांना आणि घरी ये."

आत नमदा नव्हता. आत ऊब होती, घाम होता, आणि माझा हात कुणीतरी धरला. घट्ट नाही, कारण घट्ट धरायची त्याच्यात ताकद नव्हती. माझा अंगठा मुठीत घेऊन धरला, जसा माझा नवरा धरतो, कळ आली की जसा धरतो. मी खाली बघितलं. फटीत मला मनगट दिसलं, त्यावर घड्याळाच्या पट्ट्याची फिकट खूण. मग चामडं पुन्हा मिटलं.

माझ्या नवऱ्याची कंबर दुखते. ज्याची दुखत नव्हती तो माझ्या घरात बसला होता, माझ्या मुलीचा हात हातात घेऊन. दोघांना वेगळं मीच केलं होतं, एकेक टाका विचारून, दुखतंय का, दुखतंय का. मला ओरडायचं होतं, मुलीला सांगायचं होतं की हात सोड, बाहेर पळ. तोंडातून आवाज निघाला तो एवढाच. "बाळा, दार उघडं ठेव."

"कशाला?" तिने विचारलं. आणि मागून तो हळूच म्हणाला, "राहू दे गं. बाहेरचा आवाज येतो."

दार लागल्याचं मला ऐकू आलं. त्यानंतर फोनवर काहीच ऐकू आलं नाही.

कानकाका माझ्या मागे येऊन उभे होते. करवत सुरू झाली होती. "बाई, झालं ना? हात काढा. सीट आधी घेतायत."

आतल्या मुठीने माझा अंगठा सोडला नव्हता. काकांनी माझ्या खांद्याला धरलं.

मी दुसरा हातही आत घातला.